शर्करेची ओळख : प्रथिन-शर्करा बंधावर उभारलेल्या औषधी नॅनोकणांविषयी

रसायनशास्त्र आणि वैद्यक यांच्या सीमेवर अलीकडे एका विशिष्ट घाटाचा शोधनिबंध वारंवार वाचावयास मिळतो. प्रारंभी शर्करेशी जुळणारे एखादे प्रथिन घेतले जाते. बहुधा ते आपल्या अबईच्या जातभाईच्या, म्हणजे जॅकबीनच्या बियांतून काढलेले कॉनकॅनाव्हलिन-ए असते. त्याच्या द्रावणात ग्लायकोजेन, डेक्स्ट्रान अथवा मॅनोजच्या शाखा जोडलेले एखादे बहुवारिक मिसळले जाते. द्रावण दुधाळ होते. प्रकाश-विकिरणाने मोजमाप केले असता शंभर-दोनशे नॅनोमीटर व्यासाचे कण तयार झालेले आढळतात. मग त्यात मोकळे मॅनोज घातले की कण सुटे होतात आणि द्रावण पुन्हा स्वच्छ दिसू लागते. एवढ्यावरून निष्कर्ष निघतो की, कणांची उभारणी प्रथिनाने शर्करा ओळखल्यामुळेच झाली. शेवटच्या परिच्छेदात मधुमेह, कर्करोग आणि यकृताचे विकार यांचा उल्लेख येतो, आणि हे कण औषध वाहून नेण्यास उपयुक्त ठरतील अशी आशा व्यक्त होते.

या निबंधांतील प्रयोग खोटे असतात असे प्रस्तुत लेखकास मुळीच म्हणावयाचे नाही. बहुतेक प्रयोग काळजीपूर्वक केलेले असतात. प्रश्न आहे तो प्रयोग आणि शेवटचा परिच्छेद यांच्यामधील अंतराचा. हे अंतर किती आहे, आणि ते ज्यांनी खरोखर ओलांडले त्यांनी ते कोणत्या मार्गाने ओलांडले, याची चिकित्सा करणे हा या टिपणाचा हेतू आहे. आमच्या विभागात दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी याच विषयाकडे वळतात आणि आयुष्याची तीन-चार वर्षे त्यास देतात. म्हणून ही चिकित्सा करण्याचे दायित्व आम्हां शिक्षकांवर येते.

सर्व निबंधांत समान असलेला शब्द म्हणजे 'ओळख'. या शब्दामागे एक जुनी प्रतिमा उभी आहे. १८९४ साली एमिल फिशर यांनी कुलूप-किल्लीचा दृष्टान्त दिला, तो शर्करांच्या अभ्यासातूनच. एकाच ग्लुकोजपासून बनलेल्या दोन ग्लुकोसाइडांपैकी एकाचे यीस्टमधील विकर विघटन करते, तर दुसऱ्याचे बदामातील विकर करते. रेणूच्या रचनेतील केवळ एका जोडणीची दिशा बदलली की विकराची क्रिया थांबते, हे फिशर यांनी पाहिले. विकराच्या बाबतीत तो दृष्टान्त समर्पक होता. पुढे तो ज्या प्रथिनांना लावण्यात आला, ती शर्करेवर कोणतीही रासायनिक क्रिया करीत नाहीत. ती तिला केवळ धरतात, आणि धरतात तेही सैलपणे. आपण वापरतो तो दृष्टान्त एका घरचा आणि वस्तू दुसऱ्या घरची, अशी ही स्थिती आहे.

हा सैलपणा कोठून येतो, याचा विचार बहुतेक निबंधांत एका वाक्यात उरकलेला असतो. शर्करेच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते. पाण्यात असताना हे गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन-बंधांनी जोडलेलेच असतात. प्रथिनाच्या खाचेत शिरताना ते बंध तोडावे लागतात आणि प्रथिनाशी नवे जोडावे लागतात. जमाखर्च मांडला तर हाती थोडेच उरते. शिवाय लेक्टिनांची खाच बहुधा पृष्ठभागावर आणि उथळ असते. सगळी शर्करा तिच्यात बुडत नाही. कॉनकॅनाव्हलिन-ए आणि मिथिल-मॅनोसाइड यांचा विघटनांक सुमारे एक दशसहस्रांश मोलर आहे. ग्लुकोजच्या तशाच साधितासाठी बंध याहून सुमारे चौपट दुबळा असतो. विघटनांक जितका लहान तितका बंध बळकट, हे लक्षात घेऊन याची तुलना अॅव्हिडिन आणि बायोटिन यांच्या बंधाशी करावी. तेथे हाच अंक एक-पद्मांश मोलरच्या, म्हणजे एकावर पंधरा शून्ये देऊन होणाऱ्या भागाच्या, आसपास जातो. एका बाजूस लोखंडी साखळी आणि दुसऱ्या बाजूस ओल्या हाताची पकड, इतका हा फरक आहे.

या प्रथिनांचा इतिहास जुना असून त्यात आपल्या परिचयाच्या अनेक वनस्पती येतात. १८८८ साली डोरपाट येथे स्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांतील विषारी प्रथिन रक्तपेशींच्या गुठळ्या करते असे दाखविले. एर्लिक यांनी १८९१ मध्ये एरंडाच्या रिसिनबरोबर गुंजेतील अॅब्रिनही उंदरांवरील प्रतिकारशक्तीच्या प्रयोगांत वापरले. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत पिढ्यान्‌पिढ्या बसलेली गुंज युरोपातील प्रतिकारशास्त्राच्या पायाभरणीस उपयोगी पडली, ही गोष्ट वर्गात सांगितली की विद्यार्थी हमखास वर पाहतात. 'लेक्टिन' हे नाव मात्र बरेच उशिरा, १९५४ साली, बॉइड यांनी निवडण्याच्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून दिले.

कॉनकॅनाव्हलिन-ए प्रथम हाती आले ते कॉर्नेल येथे जेम्स समनर यांच्या. ते यूरिएज या विकराच्या शोधात असताना १९१९ मध्ये त्यांनी जॅकबीनमधून हे प्रथिन वेगळे केले. यूरिएजचे स्फटिक त्यांना १९२६ मध्ये मिळाले आणि त्या कामाबद्दल १९४६ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा लाभला. आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो समनर आणि हॉवेल यांचा १९३६ चा निबंध. हे प्रथिन रक्तपेशींच्या गुठळ्या करते, ग्लायकोजेनचा साका खाली बसवते आणि उसाच्या साखरेने गुठळ्या होण्यास अटकाव होतो, ही तिन्ही निरीक्षणे त्यात आहेत. आजच्या नॅनोकणांच्या निबंधांतील मुख्य प्रयोग, म्हणजे बहुशर्करेने साका पाडणे आणि मोकळ्या शर्करेचा विरोध दाखविणे, तत्त्वतः हाच आहे. फरक एवढाच की, तेव्हा खाली बसणाऱ्या गाळाला गाळ म्हणत. आता त्याचा व्यास मोजता येतो आणि त्यास कण म्हणतात. ही केवळ शब्दांची थट्टा नव्हे. गाळ आणि कण यांत खरा भेद आहे आणि तो स्थैर्याचा आहे. त्याविषयी पुढे येईलच. १९६५ मध्ये अगरवाल आणि गोल्डस्टीन यांनी हे प्रथिन डेक्स्ट्रानच्या जेलीत अडकवून शुद्ध करण्याची रीत दिली. तिच्या सोयीमुळेच कॉनकॅनाव्हलिन-ए जगातील प्रत्येक जीवरसायन-प्रयोगशाळेत पोहोचले. आज ते सर्वांत अधिक वापरले जाते यामागे औषधी गुणापेक्षा उपलब्धताच अधिक आहे, असे लेखकाचे मत आहे.

आता मूळ प्रश्न असा की, एकेक बंध इतका सैल असताना त्यावर काही उभे राहते तरी कसे? उत्तर संख्येत आहे. माळरानातून चालून आल्यावर धोतराच्या काठाला एक कुसळ लागले असेल तर ते टिचकीने उडते. तोच काठ कुसळांनी भरला असेल तर संध्याकाळ निघून जाते. कॉनकॅनाव्हलिन-एचा रेणू तटस्थ माध्यमात चार एककांचा असतो आणि प्रत्येक एककास एक खाच असते. ग्लायकोजेनला शाखांची असंख्य टोके असतात. एका टोकाची पकड सुटली तरी शेजारची तीन धरलेली असतात आणि सुटलेले टोक दूर जाण्यापूर्वीच पुन्हा पकडले जाते. हे केवळ गुणात्मक वर्णन नाही. वाय. सी. ली यांनी १९८३ मध्ये यकृतपेशींवरील गॅलॅक्टोज-ग्राहीसाठी जे आकडे दिले ते प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावेत असे आहेत. शर्करेची एक शाखा असता विघटनांक सहस्रांश मोलर, दोन असता दशलक्षांश, तीन असता सुमारे पाच अब्जांश, आणि चार असता सुमारे एक अब्जांश. एकीवरून दोन शाखांवर जाताच बंध हजारपट बळकट होतो, दोनांवरून तिनांवर जाताना सुमारे दोनशेपट. चवथ्या शाखेने मात्र जेमतेम पाचपट भर पडते. निसर्गाने तीनवर जवळजवळ काम भागवले आहे.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात आणि नॅनोकण बांधणारे बहुधा त्यांतील पहिलीच घेतात. पहिली अशी की, अनेकता बंध बळकट करते. दुसरी अशी की, अनेकता मर्यादेनंतर फारसे देत नाही. शिवाय जेथे शर्करांची अंतरे ग्राहीच्या खाचांच्या अंतरांशी जुळतात तेथेच ती खरी उपयोगी पडते. कणाच्या पृष्ठभागावर शेकडो शर्करा दाटीने बसवणे म्हणजे शेकडोपट बंध नव्हे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरोलिया, विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या संदर्भात मुद्दाम वाचण्यासारखे आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भुईमुगाच्या लेक्टिनाच्या संरचनेत चार एककेच आहेत आणि प्रत्येकाची घडी कॉनकॅनाव्हलिनच्याच धर्तीची आहे. पण चारांची परस्पर मांडणी वेगळी आणि अनपेक्षित आहे. त्यामुळे शर्करा धरणाऱ्या खाचांची तोंडे वेगळ्या दिशांना वळतात. दोन वर्षांनी त्याच गटाने फणसाच्या आठळीतील जॅकलिनची संरचना मांडली. त्यात प्रथिनाची साखळी तुटून मोकळे झालेले ग्लायसिनचे टोकच गॅलॅक्टोज धरण्यास उपयोगी पडते. कणाची जाळी कशी विणली जाईल हे अशा तपशिलांवर अवलंबून असते. तरीही अनेक निबंधांत लेक्टिनाची निवड 'सहज उपलब्ध' या एकाच कारणावर होते आणि खाचांच्या दिशांची चर्चाच येत नाही. टीकाकाराच्या दृष्टीने येथे मोठी उणीव आहे.

गाळ आणि कण यांच्या भेदाकडे आता वळू. चार हातांचे प्रथिन आणि असंख्य टोकांची शर्करा एकत्र आली की जाळी वाढतच जाते. ती शंभर नॅनोमीटरवर आपण होऊन थांबावी असे कोणतेही कारण त्या दोहोंत नाही. थांबते ती प्रमाणामुळे, ढवळण्याच्या वेगामुळे, विरलतेमुळे अथवा पृष्ठभागावरील विद्युद्भारामुळे. म्हणून मिसळल्यानंतर दहा मिनिटांनी घेतलेले मोजमाप त्या क्षणाचे असते. ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि दहापट विरल केल्यावर पुन्हा घेतले पाहिजे. मिसळण्याऐवजी एकेक थर चढवण्याची रीत या दृष्टीने अधिक शिस्तीची आहे. जपानात कुनिताके यांच्या गटाने १९९०-९९ या दशकाच्या मध्यास कॉनकॅनाव्हलिन-ए आणि ग्लायकोजेन यांचे थर आळीपाळीने चढवून दाखविले. तेथे जाडी थरांच्या संख्येवरून ठरते. विद्यार्थ्यांनी ते काम मुळातून वाचावे.

परंतु स्थैर्याची खरी कसोटी परीक्षानळीत नसून रक्तात आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. टोचलेले औषध त्यात विरल होते. आणि जो कण परिवर्तनीय बंधांवर उभा आहे त्यास विरलता म्हणजेच सुटण्याचे आमंत्रण. रक्तात उपाशी अवस्थेतही लिटरमागे सुमारे पाच मिलिमोल ग्लुकोज असते. त्याहून मोठी अडचण रक्तातील शर्करायुक्त प्रथिनांची आहे. आयजीएम प्रतिपिंड, आल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन आणि अशी कित्येक प्रथिने कॉनकॅनाव्हलिन-एला चिकटणाऱ्या शाखा अंगावर बाळगून असतात, आणि त्यांच्याही शाखा एकाहून अधिक असल्यामुळे कुसळांचा न्याय त्यांनाही लागू पडतो. ही गोष्ट कोणास ठाऊक नाही असे नाही. ज्या प्रयोगशाळेत कॉनकॅनाव्हलिनचा नॅनोकण बांधला जातो, तिच्याच शेजारच्या टेबलावर रक्तद्रवातील शर्करायुक्त प्रथिने गोळा करण्यासाठी कॉनकॅनाव्हलिनचा स्तंभ उभा असतो. स्तंभाच्या टेबलावर जो गुण म्हणून वापरला जातो, तो कणाच्या टेबलावर अस्तित्वातच नाही असे धरले जाते. मोकळ्या मॅनोजचा नियंत्रण-प्रयोग आवश्यकच आहे. पण तो स्वच्छ बफरमध्ये केला जातो आणि त्यावरून रक्तातील वर्तनाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. कॉनकॅनाव्हलिन-ए लसिकापेशींना विभाजनास उद्युक्त करते, हे प्रतिकारशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. १९९२ मध्ये टीग्स आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, ते उंदराच्या शिरेत टोचले असता टी-पेशींच्या मार्फत यकृताचा तीव्र दाह होतो. तेव्हापासून प्रयोगासाठी यकृतदाह उत्पन्न करावयाचा तर संशोधक हेच प्रथिन वापरतात. एका शास्त्रज्ञाने यकृत बिघडवण्यासाठी टोचावयाचे आणि दुसऱ्याने त्याच प्रथिनाच्या कणातून यकृतावरील औषध पोचवण्याची आशा बाळगावयाची, ही विसंगती निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात एका ओळीनेही नोंदली जात नाही तेव्हा वाचकाने काय समजावे? मात्रा, बंदिस्तपणा, रासायनिक बदल अशी उत्तरे असू शकतात. ती दिली गेली पाहिजेत, एवढाच आग्रह आहे.

दुबळा बंध हा नेहमीच दोष असतो असे मात्र नाही. १९७९ साली ब्राउनली आणि सेरामी यांनी मांडलेली कल्पना या सर्व साहित्यात लेखकास सर्वांत सुंदर वाटते. त्यांनी इन्शुलिनला शर्करा जोडली आणि ते कॉनकॅनाव्हलिन-एच्या खाचांत बसवले. भोवतालचे ग्लुकोज वाढले की ते खाचांवर हक्क सांगते आणि इन्शुलिन सुटते. ग्लुकोज उतरले की सुटणे मंदावते. येथे बंधाचा दुबळेपणा हाच यंत्रणेचा प्राण आहे. रक्तातील ग्लुकोज ज्या मिलिमोलांच्या पट्ट्यात वरखाली होते, त्याच पट्ट्यात या बंधाची चढाओढ चालते. अॅव्हिडिनसारखी लोखंडी साखळी येथे निरुपयोगी ठरली असती. म्हणजे या लेखकांनी प्रथम शरीरातील आकडा पाहिला आणि मग त्यास जुळणारा बंध निवडला. इतरत्र बहुधा याच्या उलट घडते. तरीही पंचेचाळीसहून अधिक वर्षांत ही कल्पना औषधालयात पोहोचलेली नाही. वनस्पतीचे प्रथिन गळून रक्तात येणे, त्याची विषारिता आणि प्रतिसादाची मंदता या अडचणी कायम राहिल्या. पुढे या दिशेने निघालेल्यांनी वनस्पतिज लेक्टिन टाकून देऊन शरीराच्याच मॅनोज-ग्राहीचा आधार घेतला. एमके-२६४० हे इन्शुलिन त्या विचारातून आले. मॅनोज-ग्राही ते रक्तातून काढून घेतो आणि ग्लुकोज वाढले की हा काढून घेण्याचा वेग कमी होतो. प्राण्यांत आशादायक दिसलेला हा गुण माणसांत अपुरा पडला. अपयश असले तरी दिशाबदल महत्त्वाचा आहे : बाहेरचे प्रथिन आणण्याऐवजी शरीरात आधीपासून असलेले प्रथिन वापरणे.

याच दिशेने यकृताकडे गेले असता चित्र पालटते. १९६८ मध्ये मोरेल, अॅशवेल आणि सहकारी सेरुलोप्लाझ्मिन या ताम्रधारी प्रथिनाचा अभ्यास करीत होते. त्याच्या शर्करा-शाखांच्या टोकांवरील सायालिक अम्ल काढून टाकले असता आतील गॅलॅक्टोज उघडे पडते. असे प्रथिन सशाला टोचले तर ते काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होऊन यकृतात जमा होते, हे त्यांनी पाहिले. या निरीक्षणातून यकृतपेशीवरील ग्राही सापडला, आणि १९७४ मध्ये तो स्वतःच लेक्टिनासारखा रक्तपेशींच्या गुठळ्या करतो हे सिद्ध झाले. वनस्पतींच्या बियांत पाहिलेली गोष्ट आपल्याच यकृतात होती. हा ग्राही मोठ्या संख्येने असतो, धरलेली वस्तू पेशीच्या आत नेतो, आत आम्लता वाढली की तिला सोडतो आणि स्वतः पुन्हा पृष्ठभागावर येतो. औषध पोचवू पाहणाऱ्यास याहून अधिक काय हवे?

साहजिकच गॅलॅक्टोज लावलेले कण आणि बहुवारिके यांची रीघ लागली. पण कण आणि यकृत यांच्यामध्ये आणखी एक पहारेकरी उभा असतो. यकृताच्या रक्तवाहिन्यांत कुप्फर पेशी असतात आणि मोठे कण गिळणे हाच त्यांचा धर्म आहे. २००१ मध्ये रेन्सन आणि सहकाऱ्यांनी गॅलॅक्टोजधारी मेदकण वेगवेगळ्या आकारांत टोचून दाखविले की, सुमारे ७० नॅनोमीटरपर्यंतचेच कण यकृतपेशींच्या ग्राहीमार्फत आत जातात. त्याहून मोठे कुप्फर पेशींच्या वाट्यास जातात. प्रारंभी वर्णिलेल्या निबंधांतील कण शंभर-दोनशे नॅनोमीटरचे असतात, हे येथे आठवावे. शर्करेचा पत्ता बरोबर असूनही पाकीट पत्रपेटीच्या तोंडापेक्षा मोठे असेल तर काय होते, याचे हे उत्तर आहे.

आणि पाकीट लहान असले तरी पत्ता अवयवाचा असतो, रोगाचा नव्हे. गॅलॅक्टोसामीन आणि डॉक्सोरुबिसिन जोडलेल्या बहुवारिकाचा यकृताच्या कर्करोगावरील प्राथमिक मानवी प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध यकृतात गेले, हे खरे. पण त्यातील बहुतेक भाग निरोगी यकृतात राहिला आणि अर्बुदात कमी गेला. हा निबंध प्रामाणिक आहे आणि म्हणूनच मोलाचा आहे. यकृताच्या ग्राहीला निरोगी पेशी आणि बिघडलेली पेशी यांतील भेद सांगण्याचे काम नाही. बिघडलेल्या पेशींवर तो ग्राही कमीही असू शकतो.

ज्यांनी अखेर यश मिळवले त्यांनी कणच टाकून दिला. एन-असिटिल गॅलॅक्टोसामीनच्या तीन शाखा योग्य अंतरावर एका लहान खोडाला जोडल्या, खोड एका लघु-आरएनएच्या टोकास जोडले, आणि एवढेच त्वचेखाली टोचले. तीन हा आकडा ली यांच्या कोष्टकातून आलेला आहे. अमेरिकेत गिव्होसिरान २०१९ मध्ये, लुमासिरान २०२० मध्ये आणि कोलेस्टेरॉलवरील इन्क्लिसिरान २०२१ मध्ये मान्य झाले. इन्क्लिसिरानला युरोपात एक वर्ष आधीच मान्यता मिळाली होती. आधीच्या पिढीतील पॅटिसिरान, जे २०१८ मध्ये मान्य झाले, ते मात्र मेदकणातूनच जाते. पण त्याचे यकृतात जाणे शर्करेमुळे नसून रक्तातील एपोलिपोप्रोटीन-ई कणावर चिकटल्यामुळे होते. म्हणजे कण गेला तेथे शर्करा नव्हती आणि शर्करा गेली तेथे कण नव्हता. पत्ता अचूक असला म्हणजे औषध निर्धोक ठरते असेही नाही : याच त्रिशाखी शर्करेचे रेव्हुसिरान २०१६ मध्ये मानवी चाचणीत मृत्यूंची संख्या अधिक दिसल्यामुळे थांबवावे लागले.

मग प्रथिन-शर्करा बंधावर उभा असलेला औषधी कण अशक्यच आहे काय? तसे म्हणणे चुकीचे होईल. टिल्मॅनोसेप्ट हे त्याचे उदाहरण आहे. डेक्स्ट्रानच्या कण्यावर मॅनोजच्या शाखा बसवलेला, सुमारे सात नॅनोमीटरचा हा रेणू किरणोत्सर्गी टेक्नेशियमसह अर्बुदाजवळ टोचतात. लसिकाग्रंथीतील महाभक्षी पेशींचा मॅनोज-ग्राही त्यास पकडून ठेवतो आणि शल्यचिकित्सकास कोणती ग्रंथी प्रथम तपासावी हे कळते. २०१३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. त्याआधी १९९१ मध्ये गोशे विकारावरील विकर याच मॅनोज-ग्राहीच्या आधारे मान्य झाले होते. त्याच्या शाखांची टोके छाटून मॅनोज उघडे केलेले असते. दोन्ही ठिकाणी ज्या पेशीकडे जावयाचे तिचा तो ग्राही स्वतःचा आहे, आणि ती पेशी गिळण्याच्याच कामावर बसलेली आहे. टिल्मॅनोसेप्टच्या बाबतीत प्रवासही लहान आहे, टोचल्या जागेपासून शेजारच्या ग्रंथीपर्यंत. शर्करेकडून येथे मागितलेले काम तिच्या आवाक्यातील आहे.

उलट बाजूने, शर्करेचे कवच घालून कण रक्तात लपवता येईल ही समजूतही तपासून घ्यावी लागते. डेक्स्ट्रानने मढवलेल्या लोहकणांवर रक्तातील मॅनोज-बंधक लेक्टिन येऊन बसल्याचे आढळलेले आहे. हे लेक्टिन परक्या जंतूंच्या शर्करा धरून पूरक-प्रथिनांची साखळी सुरू करण्यासाठीच रक्तात फिरत असते. आपण कणाला शर्करा लावतो तेव्हा त्यास जंतूचा पोशाखही चढवीत असतो, आणि शरीर तो पोशाख पाहते.

आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी कॉनकॅनाव्हलिन-ए आणि डेक्स्ट्रान यांचे कण बांधले. बफरमधील तिची मोजमापे देखणी होती, मॅनोजने कण सुटत होते, आणि प्रबंधाचा शेवटचा परिच्छेदही प्रथेप्रमाणे लिहून झाला होता. रक्तद्रवात काय होते, असे विचारल्यावर तिने तो प्रयोग केला. कण तासाभरात वाढत जाऊन तळाशी बसले. तिला वाईट वाटले आणि ते कोष्टक तिने परिशिष्टात घातले. ते तेथून काढून तिसऱ्या प्रकरणात, बफरच्या कोष्टकाशेजारी छापावे आणि शेवटचा परिच्छेद त्यानुसार पुन्हा लिहावा, एवढीच सूचना मी केली.